भुंग्याचं क्वार्टर

शालिकराम बुडा त्या दिवशी झाडाले शिव्या देऊन राहिला होता. भिलाईच्या मरोदा वस्तीत, आपल्या घराच्या मांगच्या बाडीत, मुनग्याच्या बुडाशी, कमरेवर हात ठेवून उभा. पुण्यामुंबईकडचे लोक याले शेवगा म्हणतात, म्हणोत बापडे. आमच्या भिलाईत तो मुनगा हाय अन् मुनगाच राहीन.

"तीन वर्सं झाली! फुलतं त असं, का जसं घरात लगन हाय. अन् शेंग? एक शेंग नाही! खाऊनपिऊन नुसतं उभं राहाले लाज नाही वाटत का बे तुले?"

खाली पांढऱ्या फुलाची चादर पडली होती. सारी गळालेली फुलं. तिच्यावर शालिकरामचा पोरगा पीयूष मोजपट्टी घेऊन उभा होता. त्यानं दिवाळीत गाडी घेतली, अन् तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच, बाडीतला मुनगा काढायचा अन् तिथं गाडीचं शेड टाकायचं.

"बाबूजी, झाड को क्या सुना रहे हो? काटून टाकू ना. गाडी रोडवर उभी राहाते, येनारा-जानारा स्क्रॅच मारून जाते."

शालिकरामचा राग आधीच उकळलेला. त्यात हा पेट्रोल टाकून राहिला. बुड्यानं तिथंच बोट वर केलं. "होळीपर्यंत थांब. होळीपर्यंत शेंग धरली नाही यानं, त मीच कुऱ्हाड मारीन."

"एक-दोन नाही चालनार. कमसे कम दस."

"दहा! लिहून घे! जबान देऊन राहिलो!"

चुलीजवळून रंभाबाई, म्हणजे शालिकरामची बायको, बोलली, "झालं. रागारागात जबान देऊन बसले. आता झाडाच्या पाया पडा."

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. होळीले दोन महिनेबी नव्हते.

आता हा शालिकराम कोण, थे सांगतो. याचं गाव तिरोड्याकडचं, धानाच्या बांध्यातलं. विसाव्या वर्षी लोखंडाची पेटी घेऊन भिलाईले आला, वेल्डिंग शिकला अन् पोलादाच्या प्लांटात लागला. पयले दीड वर्स एका खोलीत नऊ जण. झोपाची पाळी लागे. हा कंटाळला, पेटी भरली, उद्या सकाळच्या गाडीनं गावाले जातो म्हणून सांगूनबी दिलं. अन् त्याच दिवशी सेक्टर दोनमधलं प्लांटचं क्वार्टर त्याच्या नावानं निघालं. पेटी खाली झाली. मंग सदतीस वर्सं त्यानं एक पाळी चुकवली नाही. असा माणूस.

क्वार्टर भेटल्यावर लगन झालं. रंभाबाईनं माहेरून मुनग्याची एक फांदी आणली. ओल्या बोऱ्यात गुंडाळून, रेल्वेच्या डब्यात मांडीवर घेऊन. टीसी म्हणे, बाई हे काय लाकूड? थे म्हणे, हे आमच्या घरची भाजी हाय. क्वार्टरच्या बाडीत बांबूच्या कुंपणाजवळ फांदी रोवली अन् दुसऱ्याच वर्सी मुनगा असा लदला का फांद्या वाकल्या. शेंगांची पयली पेंडी क्वार्टरांच्या लाइनीतल्या घराघरात जाये. तेलुगू घरातून सांबाराची वाटी वापस ये, बंगाल्याच्या घरून मोहरी लावलेली भाजी ये, छत्तीसगढी घरून डाळीच्या वड्या टाकलेली मुनगा-बडी. रिकामं भांडं वापस करायचं नाही, हा त्या लाइनीचा कायदा होता. शेजारच्या क्वार्टरात प्रेमलाबाई राहे. तिचा नवरा धोंडबा क्रेनवर होता. तिलेबी रंभाबाईनं त्याच मुनग्याची फांदी काटून दिली होती.

मंग शालिकराम अन् धोंडबा, दोघांनीबी मरोद्यात घरं बांधली. एक या टोकाले, एक पार तलावाकडल्या टोकाले. दोन्ही घरी त्याच झाडाच्या फांद्या गेल्या. शालिकरामच्या बाडीत मुनगा दहा वर्सं फळला. कोणाले कधी वाटलं नाही, का याच्यात काही खास हाय.

अन् मंग शालिकराम रिटायर झाला.

वेल्डर रिटायर झाला का त्याचे हात रिटायर होत नाहीत. त्याच्या मांगंच लॉकडाऊन लागला. घरात बसून हा पिसाळला. अंगणात जुनं बांबूचं कुंपण होतं, लाकडी बल्ल्यांचा मांडव होता, सावलीत एक मोडकी लाकडाची खाट होती. त्या लाकडात काळे भुंगे राहात. बोटाच्या पेराएवढे, चकचकीत काळे, हेलिकॉप्टरसारखा आवाज करणारे. गोल गोल भोकं पाडत अन् खाली पिवळा भुसा गाळत. तो भुसा सून भूमिकाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडे. थे रोज ओरडे, "बाबूजी, देखो ना! अभी धोया था!"

मंग काय! बुड्यानं भंगारवाल्याकडून अँगल आणला, पाइप आणला. कुंपण लोखंडाचं, मांडव लोखंडाचा, खाट लोखंडाची, चढाची निसणीबी लोखंडाची. निघालेलं जुनं लाकूड सारं जाळलं, भुंग्यांसकट. त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. "लोखंडाले ना दीमक लागत, ना भुंगा. माह्या नातवाच्या नातवाले पुरन!" असं छाती फुगवून सांगे. गल्लीवाल्यांनी पायलं अन् लाइन लागली. शालिकभाऊ, आमचंबी करून द्या. यानं दोन वर्सांत सारी गल्ली लोखंडाची करून टाकली. एक बल्ली ठेवली नाही, एक बांबू ठेवला नाही. प्रेमलाबाईकडंबी गेला होता वेल्डिंगची मशीन घेऊन. तिनं हात जोडले, "राहू द्या भाऊ, मले बांबूच बरा." हा हसला होता. "प्रेमलाबाई, तू मांगंच राहाशीन."

त्याच्या पुढच्या मोसमात शालिकरामच्या मुनग्याले मोजून चार शेंगा आल्या. त्याच्या पुढं एकबी नाही.

जबान दिल्यावर बुड्यानं गुन्हेगार शोधाले सुरुवात केली. पयले मोबाईलच्या टावरवर घसरला. मंग नळाच्या पाण्यावर. मंग खत देणाऱ्या नर्सरीवाल्याशी दुकानात जाऊन भांडला. त्याचा जुना सोबती पुंडलिक, समोरच्या घरचा, सहज म्हणे, "प्लांटची धूळ असन गा." तशी याची शीर फुगली.

"प्लांटच्या धुळीत सेक्टर दोनमधी पंचवीस वर्सं फळला थो! तुह्या पोटात तीच धूळ हाय, तरी तुले चार पोरं झाली नं?"

पुंडलिकनं त्या दिवसापासून अबोला धरला. भूमिकाच्या साबणाच्या पाण्यावर आळ आला, रंभाबाईच्या भांड्याच्या पाण्यावर आला. घरात कोणीच उरलं नाही, ज्यानं झाड खराब केलं नाही. एक सोडून. थे नाव त्याच्या तोंडात येत नव्हतं, कावून का थे त्याचंच होतं.

फेब्रुवारी लागला. भूमिका बजारातून आली अन् पिशवी ठेवता ठेवता म्हणे, "प्रेमला आजी मिली थी. त्यांच्या मुनग्याले शेंगा धरल्या, बाबूजी. अभी छोटी छोटी, दोरीसारख्या."

शालिकरामच्या अंगाची लाही झाली. एकाच झाडाच्या दोन फांद्या, एकच मरोदा, एकच पाणी! त्यानं स्कूटरले लात मारली अन् निघाला भांडाले. हो, भांडालेच. प्रेमलाबाईनं काय केलं होतं, हे त्याले मालूम नव्हतं. पण काहीतरी केलं असन, हे पक्कं होतं.

प्रेमलाबाई अंगणात तांदूळ निवडून राहिली होती. याचं "राम राम" झालं, तिचं "जय भीम" झालं. चाळीस वर्सं दोघंबी आपापला नमस्कार करतात अन् दोघांचाबी पोचतो.

"काय टाकते वं तू झाडाले?"

"काही नाही टाकत. भांड्याचं पाणी जाते."

"माह्याबी झाडाले भांड्याचंच पाणी हाय."

"मंग भाऊ, तोंड कावून असं? रंभावहिनी भांडे नाही घासत का?"

तेवढ्यात त्याच्या कानाजवळून घर्रर्र करत काहीतरी गेलं. बुडा खाली वाकला. "अबे! हे बला अजून हायच का तुह्याकडं?"

"हाय नं. जाईन कुठं? त्याचं घर हाय." तिनं कुंपणाकडं बोट दाखवलं. जुना, करडा पडलेला बांबू, त्याले गोल भोकं. एका भोकातून काळं डोस्कं बाहेर आलं, थांबलं, अन् भुंगा उडाला तो सरळ मुनग्यावर. शालिकराम पाहात राहिला. बारक्या माशा फुलावर बसत, परागाचं पिवळं पीठ चाटत, जात. फुलाले पत्ताबी लागे नाही. पण हा काळा गडी बसला का अख्खं फूल वाकून जाये. तो आत तोंड खुपसे, पाठ फुलाले घासे, अन् पिवळी पाठ घेऊन दुसऱ्या फुलावर. जिथं जिथं तो घुसत होता, त्या फांदीले दोऱ्या लटकल्या होत्या.

"तुमच्याकडं कोण करते हे काम?" प्रेमलाबाईनं विचारलं. वर पायलंबी नाही, तांदळातला खडा काढत विचारलं.

शालिकरामनं स्कूटर फिरवली. मानणारा माणूस नव्हता तो. डोक्यात नवाच राग घेऊन निघाला, का भुंगा मैलभर उडते, मंग माह्याकडं कावून येत नाही?

घरी न जाता तो सेक्टर दोनले गेला. जुनं क्वार्टर पाहाले, पयला मुनगा पाहाले. मुनगा नव्हता. नव्या राहणाऱ्यानं काढला होता, कुंपणाचा बांबूबी गेला होता. तिथं आता घंटीसारख्या पिवळ्या फुलाची झाडं लावली होती. दिसाले झ्याक. अन् त्या फुलांवर भुंगे! चांगले सात-आठ.

बुडा जवळ गेला अन् त्याची मस्तकाची शीर तडकली. भुंगा फुलात जात नव्हता. फुलाच्या मानेवर बाहेरून बसे, देठाजवळ चीर पाडे, तिथून रस ओढे अन् चालला. पाठीले पीठ नाही, पोटाले नाही. फूल आपलं तोंड उघडून वाट पाहात राहे, अन् हा मांगच्या भिंतीले भगदाड पाडून माल नेऊन राहिला.

"चोर!" शालिकराम भर रस्त्यात ओरडला. एक स्कूटीवाली बाई थांबून पाहू लागली. "साल्या, माह्याकडं चाळीस वर्सं इमानदारीनं पाळी केली! अन् इथं भिंत फोडून चोरी करतं? बिना ड्युटीचा पगार उचलतं?"

घरी येऊन त्यानं रंभाबाईले सारं सांगितलं, हात नाचवून, थुंका उडवत. भुंग्याची जातच बेइमान झाली म्हणे. जुग खराब झालं. आधी कसं, थो आमचं काम करे, आमचा मुनगा त्याले खाऊ घाले, कोणी कोणाले लुबाडत नव्हतं.

रंभाबाई भाकर थापून राहिली होती. तिनं भाकर तव्यावर टाकली, हात धुतला, मंग बोलली.

"तुमाले क्वार्टर निघालं नसतं, त तुमी काय करनार होते?"

"मी? मी त पेटी भरली होती."

"हं. तुमाले एका खोलीचं क्वार्टर भेटलं, त तुमी सदतीस वर्सं पाळी केली. त्याचं क्वार्टर कोणी जाळलं? त्याच्यावर आंघोळ कोणी केली?"

शालिकरामनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"घर जाळलं, पोरंबाळं जाळली, सारी गल्ली लोखंडाची केली. भुंग्याले काय वेल्डिंग येते का? आता म्हणतात, ड्युटीले कावून येत नाही. चोर म्हणतात. त्याले चोर कोणी केलं, थे सांगा."

मी गोष्ट सांगणारा, पण मले त या साऱ्या गल्लीचाच राग येतो. शेंगा फुकटात पायजे होत्या साऱ्यांले. पेंडी आली का दात काढून घेत. पण दोन चिमटी भुसा नाही पायजे. एका जनावरानं अन् एका झाडानं जे आपसात ठरवून ठेवलं होतं, त्याच्यात तुमचा काहीच खर्च नव्हता, फक्त जुनं लाकूड तेवढं राहू द्यायचं होतं. थेबी झालं नाही. अन् झाड वांझ म्हणून कुऱ्हाडीची बात कराले साऱ्यात पुढं तेच.

दुसऱ्या दिवशी शालिकराम पुन्हा प्रेमलाबाईच्या दारात. या वेळी स्कूटर हळू लावली.

"दोन नळ्या बांबू दे वं. भुंग्यासकट."

"म्हणले होते तुमी, मांगंच राहाशीन."

"म्हणलं होतं."

"आता?"

"आता मीच मांगं येऊन उभा हाय नं तुह्या!" बुडा उखडला. मागाले आला होता, तरी उखडला.

प्रेमलाबाई हसली. दिवस बुडता बुडता, भुंगे घरी परतल्यावर, तिनं दोन भोकांत चिंध्या कोंबल्या अन् कोयत्यानं बांबूचे हातभर तुकडे काटून दिले. "रिकामं भांडं वापस नाही करायचं, याद हाय नं? मले काही नोको. माह्या कुंपणाकडं मशीन घेऊन येऊ नोका, बस."

त्यानं थे तुकडे मुनग्याले बांधले अन् चिंध्या काढल्या. सोबत आंब्याचं एक वाळकं खोडबी आणून टेकवलं. सकाळी भुंगे भोकातून निघाले, एक गिरकी मारली अन् दिसेनासे झाले. वापस आले का नाही, कोणाले मालूम? बुड्याचे डोळे मोतियाबिंदूचे. होळीले महिनाबी नव्हता.

मंग त्यानं भुंग्याची ड्युटी स्वतःच सुरू केली. घराले रंग देताना उरलेला बारका बुरूस घेतला, आपल्याच लोखंडी निसणीवर चढला अन् फुलाफुलात बुरूस फिरवू लागला. या फुलातून त्या फुलात. कोहळ्याच्या फुलाले गावी बाया असंच करत, थे त्यानं लहानपणी पायलं होतं. पासष्ट वर्सांचा माणूस, गुडघे कुरकुर करून राहिले, खाली रंभाबाई निसणी धरून.

पुंडलिकचा अबोला त्या दिवशीच सुटला. बाडीच्या कुंपणाशी येऊन म्हणे, "काय गा शालिक, फुलाले रंग मारून राहिला का?"

"तुह्या घरचं गेट मीच केलं नं? उतरलो का पयले थेच काटतो!"

"बाबूजी, सब देख रहे हैं," भूमिका खालून दबक्या आवाजात म्हणे.

"पाहू दे! पाहून त घ्या का काम किती असते! फुकट झालं तोवर कोणी पायलं नाही!"

होळीचा दिवस उजाडला. पीयूषनं कुऱ्हाडवाल्याले सकाळीच बोलावलं होतं. तो बिचारा पायरीवर चहा पीत बसला. पीयूष निसणीवर चढला अन् मोजाले लागला. निसणी पुरे तिथपर्यंत, बुरूस पोचे तिथपर्यंत. "पाच... छे... सात." त्यानं पुन्हा मोजल्या. सातच. "बाबूजी, बात दस की हुई थी. अन् ह्याबी तुमीच ब्रश मारून धरवल्या. झाडानं थोडी धरल्या."

शालिकरामच्या तोंडचं पाणी पळालं. जबान त्याचीच होती. आयुष्यभर एका पाळीची चुकी नाही केली त्यानं, आता पोरासमोर जबान कशी फिरवन? त्यानं कुऱ्हाडीकडं हात केला. "दे रे. मीच मारतो म्हणलं होतं."

रंभाबाईनं तोंड फिरवलं.

अन् तेव्हाच भूमिका बाडीत आली, हातात ओली साडी, डोळ्यांत आग. "फिर वही! फिर वही भूसा! होली के दिन की साडी हाय माही! बाबूजी, हे पाहा काय झालं!"

साडीवर पिवळा बारीक भुसा होता. ताजा.

शालिकरामनं कुऱ्हाड खाली टाकली. साडी हातात घेतली, भुसा बोटानं उचलला, नाकाशी नेला. मंग आंब्याच्या खोडाकडं गेला. खोडाले नवं गोल भोक होतं, अन् भोकात कोणीतरी घर्रर्र करून राहिलं होतं.

"वर पाहा," तो म्हणे. "माह्या डोळ्याले नाही दिसत. तुमी पाहा. माहा बुरूस पोचला नाही, तिथं पाहा!"

भूमिकानंच पायलं. तिचा राग अजून तोंडावर होता, तरी पायलं. शेंड्याच्या फांदीवर, आकाशाले लागून, जिथं कोणतीच निसणी पोचत नाही, तिथं बारक्या हिरव्या दोऱ्या लटकल्या होत्या. "एक... दो... अरे, पाच तो इधर ही हैं. अन् तिकडं बी हायेत."

"या कोणी धरवल्या बे?" शालिकराम पोरावर गरजला. "सांग! मी चढलो होतो तिथं? गिन! बारा झाल्या! अजून गिन!"

कुऱ्हाडवाला दुसरा चहा मागून प्याला अन् घरी गेला.

पण पीयूषबी त्याचाच पोरगा. शेड पायजेच म्हणे, झाडाच्या बाजूले का होईना. शालिकराम म्हणे, करतो. मशीन नाही काढली. बल्ल्या आणल्या, बांबू आणला, जुन्या दरवाज्याच्या चौकटी आणल्या, अन् साऱ्या लाकडाचं शेड ठोकून दिलं, एकबी अँगल न लावता. गल्लीतल्या दोन घरी जाऊन त्यांच्या कुंपणावर फुकटात बांबू बांधून आला. तिसऱ्या घरी गेला, त त्यांनी नाही म्हणलं, भुसा पडते म्हणून. त्यांच्याशी भांडण अजून चालू हाय.

चैतात शेंगा बोटाएवढ्या जाड झाल्या. पयली पेंडी प्रेमलाबाईकडं गेली. तिनं रिकामं भांडं पाठवलं नाही.

अन् शेडात भुंगा आला. रोज सकाळी पीयूषच्या गाडीच्या काचेवर पिवळ्या भुशाची रांगोळी असते. तो फडका घेऊन, दात खात, पुसते.

"पोंछ," शालिकराम बाजेवर बसून म्हणते. "काल मुनग्याचं वरण दोनदा घेतलं नं? मंग पोंछ."